कंपवात, एल-डोपा आणि पुन्हा एकदा सेरोटोनिन

फळ्यावर रोज लिहिणाऱ्या एखाद्या शिक्षकाचे अक्षर हळूहळू लहान होऊ लागते. ओळीची सुरुवात नेहमीच्या आकाराची असते, पण ओळ संपेपर्यंत अक्षरे मुंगीएवढी होतात. मग चालताना एक हात हलेनासा होतो. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. स्वस्थ बसले असताना बोटे थरथरतात. ही कंपवाताची, म्हणजेच पार्किन्सनच्या आजाराची नेहमीची लक्षणे. आज यावर एल-डोपा नावाचे औषध आहे आणि बहुतेकांना त्याचा चांगला गुण येतो. बटणे लागतात, पाऊल उचलते, अक्षर सुधारते.

पण काही वर्षे गेली की अनेकांना वेगळाच त्रास सुरू होतो. औषधाचा अंमल ऐन भरात असताना मान, खांदे, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. या अनैच्छिक हालचालींना डिस्कायनेशिया म्हणतात. चार ते सहा वर्षे एल-डोपा घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांना हा त्रास होतो, असे दिसून आले आहे. गोळी घेतली नाही तर शरीर ताठरते आणि घेतली तर ते थांबत नाही, अशी कोंडी होते.

या कोंडीमागचे एक महत्त्वाचे कारण कळायला एल-डोपाच्या शोधानंतर तब्बल चाळीस वर्षे जावी लागली. गंमत अशी, की त्या कारणाचे नाव या गोष्टीच्या अगदी सुरुवातीला एकदा येऊन गेले होते आणि शास्त्रज्ञांनी ते खोडून टाकले होते. ते नाव म्हणजे सेरोटोनिन. ते का खोडले गेले आणि परत कसे आले, हे या लेखात पाहू या.

सर्पगंधेपासून सुरुवात

१८१७ साली लंडनमधील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजारावर एक छोटेखानी पुस्तिका लिहिली. तिच्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिलेले. वर्णन मात्र इतके अचूक होते, की पुढे पॅरिसच्या शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचेच नाव दिले. लक्षणे अशी नीट माहीत झाली, पण शरीरात नेमके काय कमी पडते हे पुढची १४० वर्षे कुणालाच ठाऊक नव्हते.

उत्तराचा धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार औषधात वापरली जाते. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब यांवर तिचा उपयोग होतो, असे लिहिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४९ साली तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढले गेले. ते रिसर्पिन.

रिसर्पिनने रक्तदाब उतरत असे आणि प्रक्षुब्ध मनोरुग्ण शांतही होत. पण मोठ्या मात्रा घेणाऱ्या काही रुग्णांत डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. त्यांच्या हालचाली मंदावत, अंग ताठरे, हात थरथरत. औषध बंद केले की हे सारे नाहीसे होई. म्हणजे कंपवातासारखी अवस्था तात्पुरती निर्माण करणारे एक रसायन हाती आले होते. रिसर्पिन मेंदूत काय करते हे कळले, तर कंपवाताबद्दलही काही कळण्याची शक्यता होती.

पहिला संशयित

आता सेरोटोनिनकडे वळू. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हाइन पेज यांनी रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एक द्रव्य वेगळे काढले. सीरममध्ये सापडलेले आणि ताण, म्हणजे टोन, वाढवणारे म्हणून सेरोटोनिन. १९५३ साली बेटी ट्वारोग आणि पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखवले. हल्ली वर्तमानपत्रांतून सेरोटोनिनला 'आनंदाचे रसायन' म्हटलेले आपण वाचतो. ते फार तोकडे वर्णन आहे. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असते. मेंदूतही झोप, भूक, मनःस्थिती, हालचाल अशा अनेक गोष्टींशी त्याचा संबंध येतो. चेतापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या अनेक रसायनांपैकी ते एक आहे, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

१९५५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले, की रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतले सेरोटोनिन जवळजवळ संपून जाते. पुरावा सरळ दिसत होता. रिसर्पिन दिले की प्राणी मंदावतो आणि रिसर्पिन दिले की सेरोटोनिन जाते. तेव्हा सेरोटोनिन गेल्यामुळेच प्राणी मंदावतो, असा निष्कर्ष काढला गेला.

याच प्रयोगशाळेत काही महिने काम शिकायला आलेले स्वीडनचे आर्विद कार्लसन यांना मात्र एक शंका होती. रिसर्पिन फक्त सेरोटोनिनच काढून टाकते कशावरून? मायदेशी, लुंड विद्यापीठात परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले, तर नॉरअ‍ॅड्रेनलिन हे दुसरे निरोप्या रसायनही रिसर्पिनमुळे संपत होते. म्हणजे संशयित एक नव्हता, निदान दोन होते. निवाडा कसा करायचा?

निवाडा करणारा प्रयोग

येथे एक अडचण होती. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो. सेरोटोनिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनलिन रक्तात टोचले तरी ते हा अडसर ओलांडून मेंदूत शिरत नाही. पण ज्या कच्च्या मालापासून मेंदू ही रसायने बनवतो, तो कच्चा माल आत जाऊ शकतो. सेरोटोनिनचा कच्चा माल म्हणजे ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचा कच्चा माल म्हणजे डोपा हे अमिनो आम्ल.

१९५७ साली कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा टोचले. थोड्याच वेळात ससे उठले, कान ताठ झाले, ते हिंडू लागले. सेरोटोनिनच्या कच्च्या मालाने असा परिणाम झाला नाही. पुढची पायरी तर आणखी महत्त्वाची होती. शुद्धीवर आलेल्या प्राण्यांच्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन शोधले, तर ते भरून आलेले नव्हते. वाढले होते ते डोपामिन. डोपा आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन यांच्या मधली एक पायरी, एवढीच तोवर त्याची ओळख होती. आता ते स्वतःच निरोप्या ठरू पाहत होते. लगेच, १९५९ साली, लुंडमध्येच बर्टलर आणि रोझेनग्रेन यांनी दाखवले की मेंदूतले डोपामिन मुख्यतः स्ट्रायटम या भागात असते आणि तो भाग हालचालींच्या नियंत्रणाशी संबंधित आहे.

पुढचे काम व्हिएन्नात झाले. १९६० साली एरिंगर आणि ओलेह हॉर्निकिविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतून स्ट्रायटम काढून त्यातले डोपामिन मोजले. कंपवाताच्या रुग्णांत ते फार कमी झालेले होते. १९६१ साली हॉर्निकिविच यांच्या आग्रहावरून वॉल्थर बर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून एल-डोपा दिले. बिछान्यात स्वतःहून कूस बदलू न शकणारे रुग्ण उठून चालू लागले. परिणाम काही तासच टिके. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे, मात्रा अगदी हळूहळू वाढवत नेऊन, हेच औषध रोजच्या वापरात आणण्याचा मार्ग दाखवला. कार्लसन यांना या कामासाठी २००० साली नोबेल पुरस्काराचा एक वाटा मिळाला.

जाता जाता एक नोंद. आपल्या रानात वेलीवर वाढणारी आणि अंगाला लागली की खाज सुटणारी खाजकुयली सर्वांना माहीत आहे. तिच्या बियांत एल-डोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच ते या बियांतून वेगळे काढले होते. त्या वेळी त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल, असे कुणाच्या मनातही येण्याचे कारण नव्हते. (मात्र बियांतले प्रमाण कमीजास्त असते. औषध म्हणून हे चूर्ण आपल्या मनाने घेणे धोक्याचे आहे.)

आम्ही विद्यार्थी असताना ही गोष्ट येथवरच शिकलो. सेरोटोनिन हे चुकीचे उत्तर, डोपामिन हे बरोबर उत्तर. पुस्तकात त्यापुढे पूर्णविराम होता.

पूर्णविरामानंतर

पण रुग्णांच्या दृष्टीने तो पूर्णविराम नव्हता. कोत्झियास यांच्या १९६९ सालच्या शोधनिबंधातच अनैच्छिक हालचालींची नोंद आहे. जसजसे अधिक लोक एल-डोपा घेऊ लागले, तसतशी ही तक्रार वाढत गेली. सुरुवातीच्या वर्षांत औषधाचा अंमल सुरळीत चाले, मग काही वर्षांनी तीच मात्रा हातपाय नाचवू लागे. असे का व्हावे?

येथे एक साधा प्रश्न विचारू या. कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशीच मरत जातात. मग बाहेरून दिलेल्या एल-डोपाचे डोपामिन मेंदूत बनवते कोण? सुरुवातीला उरलेल्या पेशी हे काम करतात. पण आजार वाढला आणि त्या पेशी फारच थोड्या उरल्या, तरी औषध काम करतच राहते. म्हणजे दुसरे कुणीतरी हे काम उचललेले असले पाहिजे.

एल-डोपापासून डोपामिन बनवायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. हेच विकर ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिनही बनवते. दोन्ही कामांना यंत्र एकच. बनलेले रसायन पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवणारा एक पंप असतो. तोही दोन्हींसाठी एकच. आणि रिसर्पिन नेमका हाच पंप बंद पाडते. म्हणून तर सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही तिन्ही रसायने एकदमच संपत होती! १९५५ साली शास्त्रज्ञांची दिशाभूल झाली ती या समान यंत्रणेमुळे. आणि हीच समान यंत्रणा पुढच्या कोड्याची किल्ली ठरली.

मेंदूच्या देठात, अगदी मध्यरेषेवर, सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. त्यांना राफे म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. त्यांचे तंतू दूरवर, स्ट्रायटमपर्यंतही, पोचतात. कंपवातात या पेशींचीही हानी होते, पण डोपामिनच्या पेशींच्या मानाने त्या बऱ्याच टिकून राहतात. रक्तातून एल-डोपा आले की त्यांच्याकडे विकर आहे, पंप आहे. त्या डोपामिन बनवतात, पिशव्यांत भरतात आणि सेरोटोनिनबरोबर बाहेर सोडतात. १९७० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या चकत्या वापरून दाखवले होते, की एल-डोपा सेरोटोनिनच्या पेशींत शिरून तेथले सेरोटोनिन बाहेर ढकलते. या निष्कर्षाचे डिस्कायनेशियाच्या संदर्भातले पूर्ण महत्त्व मात्र लक्षात यायला वेळ लागला.

दुसऱ्याच टाकीतला फ्लोट

डोपामिन बनवून सोडले तर बिघडले कुठे? उपमा घेऊन सांगतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी वर आले की तो उचलला जातो आणि नळ बंद होतो. डोपामिनच्या पेशीलाही असा फ्लोट असतो. तिच्या पृष्ठभागावरचे ग्राही रेणू बाहेरचे डोपामिन ओळखतात आणि ते पुरेसे झाले की पुढचे सोडणे कमी करतात. शिवाय जास्तीचे डोपामिन परत आत ओढून घेणारा पंपही तिच्याकडे असतो. म्हणून बाहेरची पातळी फारशी वरखाली होत नाही.

सेरोटोनिनच्या पेशीलाही फ्लोट आहेत, पण ते सेरोटोनिनच्या टाकीत. डोपामिनची टाकी ओसंडून वाहत असली तरी तिला ते समजत नाही. परत ओढून घेणारा डोपामिनचा पंपही तिच्याजवळ नाही. परिणामी गोळी घेतली की डोपामिनचा पूर आणि गोळीचा अंमल उतरला की दुष्काळ. डोपामिनच्या पेशी बऱ्यापैकी असतात तोवर त्या हा चढउतार सांभाळून घेतात. त्या संपत आल्या की सांभाळणारे कुणी उरत नाही. औषध पहिली काही वर्षे सुरळीत का चालते आणि मग का बिघडते, याचा मोठा भाग असा उलगडतो.

याचा निर्णायक पुरावा २००७ साली पुढे आला आणि तोही लुंडमधूनच, जेथे पन्नास वर्षांपूर्वी सेरोटोनिनचे नाव खोडले गेले होते. मनोलो कार्ता, अँडर्स ब्यॉर्कलुंड आणि सहकाऱ्यांनी कंपवातासारखी स्थिती निर्माण केलेल्या उंदरांना एल-डोपा देऊन त्यांच्यात अनैच्छिक हालचाली घडवून आणल्या. मग त्यांच्या मेंदूतले सेरोटोनिनचे तंतू एका विषाने नष्ट केले. एल-डोपा चालूच ठेवले, तरी त्या हालचाली जवळजवळ थांबल्या.

अर्थात रुग्णाच्या पेशी कुणी मारणार नाही. पण फ्लोट हाताने वर उचलता येईल! सेरोटोनिनच्या पेशीवर ५-एचटी-१-ए आणि ५-एचटी-१-बी नावाचे ग्राही असतात. हेच तिचे फ्लोट. सेरोटोनिनची नक्कल करणारी औषधे त्यांवर बसली, की पेशीला वाटते आता पुरे झाले, आणि ती आपला नळ आवळते. त्याबरोबर तिच्यातून येणारे डोपामिनही आवळले जाते. उंदरांत अशा दोन औषधांच्या लहान मात्रा एकत्र दिल्यावर अनैच्छिक हालचाली दबल्या. २००८ साली माकडांतही तसेच दिसले.

माणसांत काय झाले

येथून पुढची वाट सरळ नाही आणि ती सरळ असल्याचे वर्गात सांगूही नये. सारिझोटान हे यांतल्या एका ग्राहीवर काम करणारे औषध सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत आशादायक वाटले होते. मोठ्या चाचण्यांत खऱ्या गोळीची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली, तेव्हा फरक दिसला नाही. २००६ साली तो प्रयत्न सोडून दिला गेला. २०१४ साली मारिओस पोलिटिस आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदूच्या पेट प्रतिमा घेतल्या. चिंतेवर देण्यात येणारे बुस्पिरोन हे जुने औषध आधी दिले, तर एल-डोपानंतर येणारी डोपामिनची लाट कमी होते आणि हालचालीही कमी होतात, असे त्यांना दिसले. पण हा परिणाम सौम्य त्रास असलेल्यांत अधिक होता. २०१५ साली स्वीडनमध्ये २२ रुग्णांवर एल्टोप्राझिन हे दोन्ही ग्राहींवर काम करणारे औषध वापरून पाहिले, तेव्हाही अनैच्छिक हालचाली काही प्रमाणात घटल्या.

मग हे उपचार सर्रास का होत नाहीत? एक कारण असे, की सेरोटोनिनच्या पेशींतून येणारे डोपामिन नुसते उपद्रवीच नसते. रुग्णाला चालतेफिरते ठेवण्यातही त्याचा वाटा असतो. नळ जास्त आवळला तर ताठरपणा परत येतो. दुसरे, हे ग्राही मेंदूत इतरत्रही आहेत. तिसरे, वर्षानुवर्षे पूर आणि दुष्काळ सोसलेल्या स्ट्रायटममधल्या पेशी स्वतःही बदललेल्या असतात. केवळ नळ आवळून ते बदल पुसले जात नाहीत. अनैच्छिक हालचालींवर आज मुख्यतः अमँटाडिन वापरतात. हे मूळचे फ्लूवरचे औषध आणि त्याचे काम ग्लुटामेट या वेगळ्याच निरोप्या रसायनाच्या ग्राहींवर चालते. काही रुग्णांना मेंदूत तारा बसवून सौम्य विद्युत स्पंदने देण्याचा उपयोग होतो. सेरोटोनिनचा मार्ग अजून दवाखान्यापर्यंत पुरता पोचलेला नाही.

वर्गासाठी

ही गोष्ट अकरावी-बारावीच्या वर्गात घेता येईल. फळ्यावर तीन चौकोन काढा: सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन. रिसर्पिनने तिन्ही रिकामे होतात असे सांगा आणि विचारा: प्राणी मंदावला तो कशामुळे, हे ठरवायला तुम्ही कोणता प्रयोग कराल? बहुतेक मुले म्हणतील, एकेक चौकोन पुन्हा भरून पाहू. कार्लसन यांनी तेच केले. मग दुसरा प्रश्न विचारा: डोपामिनच्या पेशी मेल्यावर एल-डोपाचे डोपामिन कोण बनवते? येथे मुले अडखळतील. त्यांना अडखळू द्या आणि मग दोन्ही रसायनांचे विकर एकच आहे एवढीच सूचना द्या.

ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेतले माप चुकीचे नव्हते. सेरोटोनिन खरोखरच कमी होत होते. चुकला होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. १९५७ साली कार्लसन यांनी निष्कर्ष बदलला, मापे तशीच राहिली. तिन्ही चौकोन एकदम का रिकामे होतात, हा प्रश्न मात्र तेव्हा मागे पडला. विद्यार्थ्यांच्या वहीत चुकीच्या निष्कर्षावर काट मारताना त्याखालच्या नोंदीवरही काट मारली जात नाही ना, एवढे आपण शिक्षकांनी पाहावे.